वेग आणि भरवसा

मनुष्याची स्मरणशक्ती कितीही मोठी असली, तरी ती त्याच्या आयुष्यापुरतीच असते. म्हणून पुढच्या पिढीला जे कळावे असे त्याला वाटले, ते त्याने कोठे ना कोठे लिहून ठेवले. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळी खडकावर कोरलेला लेख सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही अभ्यासकांना वाचता येतो. पुढे ताम्रपट आले, भूर्जपत्रे आली, कागद आला. दगडावर कोरण्यापेक्षा कागदावर लिहिणे कितीतरी सोपे आणि जलद. परंतु कागदाला वाळवी लागते, तो भिजतो, जळतो. लिहिण्याचा वेग वाढला आणि टिकाऊपणा कमी झाला. वेग हवा की भरवसा, हा प्रश्न तेव्हापासून मनुष्याच्या मागे लागला आहे. संगणकाच्या युगातही तो सुटलेला नाही.

समजा, एका लहानशा गावातील शाळेच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. गेल्या दहा वर्षांची निकालपत्रके, शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या प्रती, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, असे सारे त्यात साठवलेले आहे. सकाळी संगणक सुरू केला, की तो कामाला लागेपर्यंत लिपिकाचा चहा घेऊन होतो. अशा वेळी दुरुस्ती करणारा सांगतो, "संगणक बदलण्याचे कारण नाही. आतली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, म्हणजे काम भागेल." त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु बाजारात गेल्यावर डझनभर प्रकारच्या एसएसडी समोर मांडल्या जातात. एक स्वस्त, दुसरी महाग. एकीच्या वेष्टनावर ५५० हा आकडा, तर दुसरीच्या वेष्टनावर ७,०००. कोणती घ्यावी? निवड चुकली, तर नुसते पैसे जाणार नाहीत; दहा वर्षांच्या नोंदीही जातील. म्हणून ही वस्तू आहे तरी काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

जुन्या हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएम या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी बनवलेल्या पहिल्या यंत्रात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या. त्या सर्वांवर मिळून केवळ ५० लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या लहान झाल्या आणि त्यांवर मावणारी माहिती अफाट वाढली. परंतु रचना मूळचीच राहिली. चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून एक बारीक दांडा मागेपुढे सरकून माहिती वाचतो. नेहमीच्या वापरातली एक हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हा वेग मोठा वाटतो. तरी हवी ती जागा दांड्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. दांडा सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर अशी डिस्क सेकंदाला फार तर शंभर-दीडशे निरनिराळ्या ठिकाणांची माहिती वाचू शकते. संगणक सुरू होताना त्याला हजारो लहान लहान नोंदी ठिकठिकाणांहून गोळा कराव्या लागतात. लिपिकाचा चहा होतो, तो या येरझारांमुळे.

एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, हिच्यात फिरणारा, सरकणारा असा एकही भाग नाही. तिच्या पोटात असतात त्या सिलिकॉनच्या चिप. या चिपमधील स्मृतीला फ्लॅश स्मृती म्हणतात. जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणारे संशोधक फुजिओ मासुओका यांनी ती शोधून काढली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. या स्मृतीतील माहिती एका क्षणात एकदम पुसली जाते, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली. त्यावरून तिला हे नाव पडले. आजच्या एसएसडीत जो प्रकार वापरतात, तो मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडला. १९९१ मध्ये फ्लॅश स्मृती वापरलेली एसएसडी बाजारात आली, तेव्हा तिच्यात अवघी २० मेगाबाइट माहिती मावत असे. आज खिशातल्या फोननेही याच्या हजारो पट स्मृती बाळगलेली असते.

फ्लॅश स्मृती कसे काम करते, हे पाण्याच्या रांजणावरून ध्यानात येईल. चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याला वीज जाऊ न देणाऱ्या पदार्थाची भिंत असते. विजेचा जोर लावून इलेक्ट्रॉन या भिंतीतून आत ढकलले, की ते तेथेच अडकून राहतात. वीज बंद केली तरी ते बाहेर पडत नाहीत. कप्पा भरलेला आहे की रिकामा, एवढे पाहिले की एक खूण वाचता येते. हीच संगणकाची सर्वांत लहान खूण, म्हणजे बिट. परंतु रांजणाला आतून रेघा आखल्या आणि पाणी कोणत्या रेघेपर्यंत आहे हे पाहिले, तर एकाच रांजणात अधिक खुणा ठेवता येतील. चार पातळ्या मानल्या तर २ बिट, आठ मानल्या तर ३ बिट, सोळा मानल्या तर ४ बिट. तीन बिटांच्या प्रकाराला टीएलसी आणि चार बिटांच्या प्रकाराला क्यूएलसी असे म्हणतात.

येथेच स्वस्त आणि महाग यांतील भेदाचे मूळ आहे. कप्पे तेवढेच ठेवून अधिक माहिती भरली, की वस्तू स्वस्त होते. परंतु रेघा जितक्या जवळजवळ, तितके पाणी बेताने ओतावे लागते आणि पातळी डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. म्हणून सोळा पातळ्यांचा कप्पा लिहिण्यास हळू असतो. शिवाय कप्पा पुसून पुन्हा भरताना दर वेळी त्याची भिंत किंचित झिजते. झिजलेल्या भिंतीतून इलेक्ट्रॉन पाझरू लागतात आणि पातळी ढळते. दोनच पातळ्या असतील, तर थोडे पाझरलेले खपून जाते. सोळा पातळ्यांत मात्र तेवढ्यानेही वाचण्यात चूक होते. टीएलसी प्रकारचा कप्पा साधारणपणे हजार ते तीन हजार वेळा पुसून लिहिता येतो. क्यूएलसीची सहनशक्ती त्याहून कमी असते.

हजार वेळा हा आकडा ऐकून कोणी घाबरून जाईल. रोज त्याच ठिकाणी दहा वेळा लिहिले, तर ती जागा शंभर दिवसांत निकामी व्हावयाची! तसे होत नाही, याचे श्रेय एसएसडीतील एका लहानशा चिपला आहे. तिला कंट्रोलर म्हणतात. मोठ्या धान्यकोठाराचा जाणता कारभारी जसा सगळ्या कणग्या आळीपाळीने वापरतो, तसा कंट्रोलर सर्व कप्प्यांवर लिहिण्याचा भार सारखा वाटून देतो. कोणती नोंद कोठे ठेवली, याचा नकाशा तो बाळगतो. जागा मोकळी करण्याआधी तेथील कामाची माहिती तो दुसरीकडे हलवतो, चुका शोधून दुरुस्त करतो आणि निकामी झालेले कप्पे बाजूला काढतो. या हलवाहलवीसाठी त्याला थोडी मोकळी जागा लागते. म्हणून एसएसडी काठोकाठ भरू नये. चिप चांगली आणि कंट्रोलर कच्चा, अशी एसएसडी भरवशाची होत नाही.

एवढे समजल्यावर निवडीकडे वळणे सोपे जाते.

पहिली गोष्ट म्हणजे संगणकात बसेल तीच एसएसडी घ्यावी. जुन्या संगणकात बहुधा साटा नावाची जोडणी असते. तिच्यासाठी अडीच इंची चपटी पेटी मिळते आणि जुन्या हार्ड डिस्कच्या तारा तिला चालतात. नव्या संगणकात एम डॉट टू नावाची खाच असते. तिच्यात बसणारी पट्टी सामान्यतः २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. परंतु दिसते तसे नसते. एकाच आकाराच्या पट्ट्यांत काही साटा पद्धतीच्या, तर काही एनव्हीएमई या अधिक वेगवान पद्धतीच्या असतात. खाच कोणती पद्धत मानते, हे संगणकाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी.

दुसरी गोष्ट वेगाची. साटा पद्धतीच्या एसएसडीतून सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट माहिती वाचता येते. एनव्हीएमई पद्धतीत हा आकडा ३,५००, ७,००० आणि अगदी नव्या नमुन्यांत १४,००० च्या घरातही जातो. परंतु हे आकडे एक मोठी फाइल सलग वाचण्याचे आहेत. शाळेतला संगणक बहुतेक वेळ लहान लहान फाइली शोधण्यात घालवतो. हार्ड डिस्क जेथे शंभर-दीडशे ठिकाणे वाचते, तेथे साधी एसएसडीसुद्धा हजारो ठिकाणे वाचते. म्हणून हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आले, की संगणकाचा कायापालट होतो. साध्या एसएसडीवरून अतिवेगवान एसएसडीवर गेले, तर कार्यालयातील कामात तेवढा फरक जाणवत नाही. ज्यांना रोज मोठमोठ्या चित्रफिती संपादित करावयाच्या असतात, त्यांना तो जाणवतो. बैलगाडीचा रस्ता असेल, तर तेथे शर्यतीची मोटार नेऊन काय साधणार?

लिहिण्याच्या वेगात आणखी एक खोच आहे. पुष्कळशा एसएसडी आपल्या काही कप्प्यांत तात्पुरता एकच बिट लिहून भराभर काम उरकतात आणि फुरसतीच्या वेळी ती माहिती दाटीवाटीने रचून ठेवतात. ही तात्पुरती जागा भरली, की लिहिण्याचा वेग एकदम उतरतो. स्वस्त क्यूएलसी प्रकारात तर तो कधी कधी जुन्या हार्ड डिस्कच्याही खाली जातो. वेष्टनावर छापलेला आकडा हा पहिल्या दमाचा असतो. शेवटच्या दमाचा नव्हे.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. वेष्टनावर किंवा माहितीपत्रकात हमीची वर्षे आणि टीबीडब्ल्यू असा एक आकडा दिलेला असतो. एकूण किती टेराबाइट माहिती लिहीपर्यंत कंपनी हमी पाळील, हे तो सांगतो. एक टेराबाइटच्या चांगल्या टीएलसी एसएसडीला पुष्कळदा ५ वर्षांची अथवा ६०० टेराबाइटची हमी असते. यांपैकी जे आधी पुरे होईल, तेथे हमी संपते. ६०० टेराबाइट म्हणजे ६,००,००० गिगाबाइट. कार्यालयात रोज ५० गिगाबाइट लिहिले, तरी तेवढे लिहिण्यास १२,००० दिवस, म्हणजे जवळजवळ ३३ वर्षे लागतील. यावरून दिसते की, सामान्य वापरात कप्पे झिजून एसएसडी मरण्याची भीती फारशी नाही. तरीही हा आकडा पाहावा. कारण जी कंपनी आपल्या मालाला लांब मुदतीची हमी देते, तिचा आपल्या मालावर काही एक विश्वास असतो.

चौथी गोष्ट म्हणजे माल खरा आहे की खोटा, याची पारख. नामांकित वस्तूंच्या हुबेहूब नकला बाजारात येतात. दोन टेराबाइटची म्हणून विकलेली एखादी वस्तू उघडावी, तर आत लहानसे मेमरी कार्ड निघते. तिच्यातला कंट्रोलर खोटी क्षमता सांगत असतो. फाइली भरल्यासारख्या दिसतात, परंतु खरी जागा संपल्यावर भरलेली माहिती जाते कोठे, ती परत कधीच मिळत नाही. म्हणून किंमत अविश्वसनीय वाटली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. खात्रीच्या दुकानातून पावती घेऊन खरेदी करावी आणि महत्त्वाची माहिती सोपवण्याआधी ती वस्तू एकदा पूर्ण भरून, पुन्हा वाचून पाहावी. मात्र ५०० गिगाबाइटची एसएसडी संगणकावर ४६५ दिसली, तर ती फसवणूक समजू नये. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि संगणकाची काही कार्यप्रणाली १,०२४ च्या पटीने मोजते, एवढाच तो फरक. नाव तेच ठेवून आतील चिप बदलण्याची चालही काही उत्पादकांनी केल्याचे २०२१ साली परीक्षकांच्या ध्यानात आले. म्हणून जुन्या परीक्षणावर विसंबताना ते केव्हाचे आहे, हेही पाहावे.

एवढी काळजी घेतली, म्हणजे भरवसा पूर्ण झाला काय? २०१९ साली घडलेली एक गोष्ट याचे उत्तर देते. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यात सर्व्हर बनवणाऱ्या एका जगप्रसिद्ध कंपनीने आपल्या ग्राहकांना तातडीची सूचना पाठवली. तिने पुरवलेल्या काही नमुन्यांच्या एसएसडी एकूण ३२,७६८ तास चालल्या, की त्याच क्षणी कायमच्या बंद पडणार होत्या. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. दोष कप्प्यांत नव्हता, भिंतीत नव्हता. तो कंट्रोलरला काम सांगणाऱ्या आज्ञावलीत होता. दोन हा अंक पंधरा वेळा घेऊन गुणाकार केला, तर ३२,७६८ येतात. तास मोजण्यासाठी ठेवलेल्या जागेत त्याहून एकाने कमी, इतकीच मोठी संख्या मावत असावी, असा जाणकारांनी कयास बांधला. पुढचा तास मोजण्यास जागा नाही, म्हणून सारा कारभार ठप्प!

यातली खरी भीती निराळीच होती. मोठ्या कार्यालयांत एका एसएसडीची प्रत दुसरीवर ठेवण्याची पद्धत असते. एक बिघडली तर दुसरी उपयोगी पडावी, हा हेतू. परंतु या सगळ्या एसएसडी एकाच नमुन्याच्या आणि एकाच दिवशी सुरू केलेल्या असतील, तर त्या एकाच वेळी बंद पडल्या असत्या. मूळ गेले असते आणि प्रतही गेली असती. गेलेली माहिती परत मिळण्याचा मार्ग नव्हता. सुदैवाने सुधारलेली आज्ञावली कंपनीने उपलब्ध करून दिली. ज्यांनी सूचना वाचली आणि वेळीच ती आज्ञावली भरली, त्यांची माहिती वाचली.

या गोष्टीवरून दोन बोध घेण्यासारखे आहेत. एसएसडी विकत घेतली म्हणजे काम संपले, असे होत नाही. कंपनीने सुधारलेली आज्ञावली दिली, तर ती भरून घ्यावी लागते. आणि दुसरे असे की, कितीही उत्तम असली तरी एकट्या एसएसडीवर सर्वस्व सोपवू नये. हार्ड डिस्क बिघडू लागली, की पुष्कळदा खडखड आवाज करून इशारा देते. एसएसडी मात्र कोणतीही सूचना न देता एकाएकी मुकी होऊ शकते. लिहिणे चालू असता वीज गेली, तरी नुकतीच लिहिलेली माहिती हरवू शकते. वीज न देता ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवली, तर कप्प्यांतील इलेक्ट्रॉन हळूहळू पाझरतात. एसएसडीसाठी ठरवलेल्या एका मानकाप्रमाणे, लिहिण्याची मर्यादा पूर्ण वापरलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअस तापमानात विजेवाचून एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी याहून अधिक काळ टिकवते. तथापि ती नाणेघाटचा खडक नव्हे.

आता त्या शाळेकडे परत वळू. कार्यालयातल्या मंडळींनी सर्वांत वेगवान एसएसडी घेतली नाही आणि सर्वांत स्वस्तही घेतली नाही. त्यांच्या जुन्या संगणकाला साटा जोडणी होती. तिला साजेशी, टीएलसी प्रकारची आणि पाच वर्षांच्या हमीची एसएसडी त्यांनी निवडली. अतिवेगाच्या मोहात जे पैसे गेले असते, त्यांत थोडी भर घालून त्यांनी दुसऱ्या कंपनीची एक बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क घेतली. दर शनिवारी काम संपल्यावर सर्व नोंदींची प्रत तिच्यावर काढावी आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाइल उघडून पाहावी, असा नियम त्यांनी घालून दिला. कारण उघडून न पाहिलेली प्रत ही असून नसल्यासारखीच होय. ही हार्ड डिस्क कार्यालयात न ठेवता दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात कुलपाखाली ठेवली जाते.

आता सकाळी संगणक सुरू होतो, तेव्हा लिपिकाला चहासाठी जाण्यास सवड मिळत नाही. हा झाला वेग. तो पहिल्याच दिवशी सर्वांना दिसला. भरवसा मात्र असा दिसत नाही. आणखी काही वर्षांनी एखादा माजी विद्यार्थी नोकरीच्या कामासाठी दाखल्याची प्रत मागण्यास येईल आणि दोन मिनिटांत ती त्याच्या हाती पडेल, तेव्हाही तो कोणाच्या लक्षात येणार नाही. विद्यार्थी प्रत घडी घालून खिशात ठेवील आणि निघून जाईल. ती प्रत मिळाली नसती, तर काय झाले असते, हे त्याला कधी कळणारही नाही. दर शनिवारी कोणीतरी न विसरता केलेल्या कामाचे ते फळ असेल.

स्वाध्याय

१. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांच्या रचनेतील मुख्य फरक सांगा.
२. रांजणाच्या उदाहरणावरून टीएलसी आणि क्यूएलसी यांतील भेद स्पष्ट करा.
३. एका एसएसडीची हमी ३०० टेराबाइटची आहे. तिच्यावर रोज ३० गिगाबाइट माहिती लिहिली, तर ही मर्यादा किती दिवसांनी गाठली जाईल?
४. २०१९ सालच्या घटनेत एकाच नमुन्याच्या दोन एसएसडींवर ठेवलेली प्रत निरुपयोगी का ठरली असती?
५. 'उघडून न पाहिलेली प्रत ही असून नसल्यासारखीच होय,' असे का म्हटले आहे?
६. आपल्या घरी जपून ठेवण्यासारखे कोणते कागद, छायाचित्रे व नोंदी आहेत, त्यांची यादी करा. त्यांपैकी कशाकशाची दुसरी प्रत आहे, ते घरातील मोठ्या माणसांना विचारून लिहा.